साभार परत

मासिकांना पाठवलेल्या माझ्या कथा पूर्वी 'साभार परत' अशी चिठ्ठी लावून घरी यायच्या, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नसे. परत येणं ही नामुष्कीच, असं मी धरून चाललो होतो. मग न्यू जर्सीत, एडिसनला, ताईकडे सहा आठवडे राहिलो आणि दाजींनी माझा हा समज मोडून काढला.

दर शनिवारी सकाळी दाजी अंघोळ उरकून 'रिटर्न'ला निघतात. आपल्याकडे लोक शनिवारी मारुतीला जातात तसे. गाडीच्या डिकीत त्या आठवड्याचा ऐवज असतो: एकदाच फिरवलेला मिक्सर, कुरकुरणारी खुर्ची, डाव्या पायाला चावणारे बूट. काउंटरवरची मुलगी विचारते, काही बिघाड आहे का? दाजी म्हणतात, 'नो. जस्ट डिडंट लाइक इट.' एवढं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते आपल्याला लग्नातही दिसलं नव्हतं, असं ताई सांगते.

या तेजाचा उगम पुण्यात आहे. दाजी लहानाचे मोठे झाले ते लक्ष्मी रोडच्या आसपास, म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीच्या छायेत. एका दिवाळीत आणलेल्या शर्टाची उजवी बाही घरी आल्यावर आखूड निघाली. वडील शर्ट घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या बोटाने पाटी दाखवली. दाजींनी पुढची दोन वर्षं उजवा हात किंचित दुमडून शाळेत काढली.

'आणि इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात,' दाजी अजूनही आवाज खाली आणून सांगतात, 'एका बाईला झोपून वापरलेली गादी परत करताना पाहिलं. पैसे मिळाले रे तिला! त्या रात्री मला झोप लागली नाही.'

घरात पासपोर्टच्या खालोखाल मान पावत्यांना आहे. त्यांच्यासाठी तीन फायली आहेत: 'तीस दिवस', 'नव्वद दिवस' आणि 'बघू'. दुकानातल्या पावतीचा कागद असा, की काही महिन्यांत त्यावरची अक्षरं उडून जातात. म्हणून दाजी घरी आल्या आल्या तिची झेरॉक्स काढतात. झेरॉक्सचं यंत्र त्यासाठीच घेतलंय. (त्याची पावती 'बघू'मध्ये आहे.) कॉस्टको या गोदामवजा दुकानात टीव्ही-कॉम्प्युटरला नव्वद दिवस आणि बाकी बहुतेक वस्तूंना मुदतच नाही, म्हणून त्या गोदामाच्या दारात शिरताना दाजी नकळत चप्पल काढतील की काय, अशी मला धास्ती वाटायची.

प्रत्येक पंथाची पुराणं असतात. दाजींची आवडती कथा अलास्कातल्या फेअरबँक्सची. नॉर्डस्ट्रॉम हे कपडे-बुटांचं दुकान. टायर त्यांनी कधी विकले नाहीत. पण त्या जागी आधी जे दुकान होतं, ते टायरही विकायचं. एक गिऱ्हाईक जुने टायर घेऊन आलं आणि नॉर्डस्ट्रॉमने ते निमूट परत घेतले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कंपनी स्वतः ती खरी असल्याचं सांगते. दाजी ती कीर्तनकाराच्या थाटात सांगतात आणि टायर काउंटरवर आले की डोळे मिटतात. उलट २०१८ च्या फेब्रुवारीत मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीने हवं तेव्हा माल परत घेण्याचा आपला जुना नियम मोडून एका वर्षाची मुदत घातली, त्या दिवशी घरात गोड केलं नव्हतं.

ताई दाजींच्या या परत करण्याला सरळ चोरी म्हणते. दाजींचं म्हणणं, आपण नेमाने वागतो. अन्न ते परत करत नाहीत. दुकान घ्यायला तयार असलं तरी पानात पडलेलं संपवायचं, हे आईने शिकवलंय. त्याच २०१८ च्या जानेवारीत कुणा बाईने कॉस्टकोत वाळून कोळ झालेलं नाताळचं झाड परत केल्याची बातमी गाजली, तेव्हा दाजी म्हणाले, 'हे अति झालं.' थोडं थांबून विचारलं, 'पावती होती का तिच्याकडे?' २०२३ साली अमेरिकेतल्या दुकानांत सुमारे ७४३ अब्ज डॉलरचा माल परत आला, असं दुकानदारांच्या संघटनेने जाहीर केलं, ते वाचून त्यांचा ऊर भरून आला. खारीचा का होईना, वाटा होता.

इथे भेटवस्तूबरोबर गिफ्ट रिसीट देतात. तिच्यावर किंमत नसते. नाही आवडलं तर बदलून घ्या, एवढाच निरोप. लग्नाच्या वाढदिवसाला दाजींनी ताईला घड्याळ दिलं, रिसीटसकट. ताईने दुसऱ्या दिवशी ते दुकानात परत केलं आणि प्रेशर कुकर आणला. बायकोकडे इतक्या कौतुकाने पाहताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

मी ऑक्टोबरात पोचलो आणि पहिल्याच संध्याकाळी कुडकुडलो, तेव्हा दाजींनी मला एक जाकीट आणून दिलं. 'टॅग तेवढा काढू नकोस.' सहा आठवडे तो पुठ्ठा मानेला टोचत राहिला. नायगारा पाहिला टोचत, न्यूयॉर्क पाहिलं टोचत. फोटोंत मी सगळीकडे मान वाकडी करून उभा आहे.

परतीच्या दिवशी नुअर्क विमानतळावर सामान उतरवून झालं. मी न सांगता जाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. दाजींनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, शिवण तपासली. मग खिशातून नेलकटर काढलं आणि कट्कन टॅगची दोरी तोडली.

'घाल. विमानात गार असतं.'

टॅग मात्र त्यांनी जपून पाकिटात ठेवला.