बुजगावणं उभारण्याची शास्त्रोक्त पद्धत

वादात जिंकायला समोरच्याचं म्हणणं खोडावं लागतं, असा एक गैरसमज आहे. तसं काही नसतं. त्याचं म्हणणं बाजूला ठेवावं, त्याचाच सदरा घातलेलं एक बुजगावणं उभं करावं आणि ते मनसोक्त बडवावं. ज्वारीच्या रानातल्या बुजगावण्याला पाखरं आता भीत नाहीत. वादातल्याला मात्र भली भली माणसं भितात. आमचे सेलूचे दाजी या विद्येतले आचार्य आहेत.

नियम पहिला : समोरच्याच्या वाक्यात ‘थोडं’, ‘कधीकधी’ असले शब्द सापडले तर आधी उपटून टाकावेत. निंदणीसारखंच.

नियम दुसरा : जमल्यास अख्खं गाव कामाला लावावं. जानेवारी 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून दाजींच्याच जिल्ह्यातल्या पाथरीच्या विकासाला 100 कोटी जाहीर केले. 19 तारखेला शिर्डी बंद. मंदिर तेवढं उघडं. शिर्डीकरांचा आक्षेप ‘जन्मस्थान’ म्हणण्याला होता, पैशाला नव्हता. पण दाजींच्या तोंडी त्याचं ‘आपल्या जिल्ह्याचं भलं त्यांना बघवत न्हाई’ असं झालं. तिकडच्या एखाद्या दाजींनी ‘पाथरीवाले आता समाधीच उचलून नेणार’ असंही केलं असेल. मूळ प्रश्न पुराव्याचा. पण पुराव्यावर भांडताना घसा बसत नाही, मग त्यात मजा काय?

ही कला आपण शोधली, असं मात्र दाजींनी समजू नये. गौतमाच्या न्यायसूत्रांत तिला ‘छल’ म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार केलेत. तिसऱ्याचं भाष्यातलं उदाहरण तर आमच्या रानातलंच वाटतं. कुणी म्हणतं, मचाणं ओरडतायत. छल करणारा म्हणतो, लाकूड कसं ओरडेल? बोलणारा मचाणावरच्या माणसांबद्दल बोलतोय, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

नियम तिसरा, आणि सर्वांत जालीम : वादात वडील आणावेत. मी एवढंच म्हणालो होतो, “दाजी, औंदा सोयाबीनमध्ये तुरीची चार तासं टाका.” दाजींनी बशी खाली ठेवली. “म्हंजे आमाला शेती कळत न्हाई? आमच्या बापानं जिंदगीभर काय गवत उपटलं? मग इकूनच टाकतो सारं रान!” यात तूर कुठंही नाही, हे अभ्यासूंनी ध्यानात घ्यावं. पुढचा तासभर मी त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या बाजूनं बोलत होतो.

बचाव असा : बुजगावण्याशी कुस्ती खेळू नये. आपलं वाक्य होतं तेवढ्याच शब्दांत पुन्हा म्हणावं आणि शांतपणे विचारावं, “मी काय म्हणालो, ते सांगा बरं.” पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा, ही जुनी शिस्त याचसाठी होती. बऱ्याच ठिकाणी निम्मं भांडण तिथंच मिटतं. दाजींवर हा उतारा चालत नाही. ते म्हणतात, “म्हंजे आमी बहिरे?”

पावसाळ्यात त्यांच्या रानात गेलो तर सोयाबीनमध्ये तूर उभी. सहा तासं.

“कामून सहा?”

“तुमी चार म्हनले होते ना, पाव्हणं?”