सभा ओस पाडण्याचे शास्त्र

काशीचा दुर्गाघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधला. शेजारी पंचगंगा, पलीकडे ब्रह्माघाट. वरच्या गल्ल्यांत मराठी घरं. जिथे मराठी घरं, तिथे कीर्तन-प्रवचन असायचंच. इतकी मुरलेली सवय मोडायची तर चिकाटी लागते. ती दाखवणाऱ्या आयोजकांचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून हा लेख.

पहिलं कौतुक वेळेचं. सहाची सभा सातला सुरू करावी. वेळेवर आलेला श्रोता पुढच्या खेपेला उशिरा येतो आणि त्यापुढच्या खेपेला येतच नाही. दुसरं सत्काराचं. शाल, श्रीफळ, परिचय, मनोगत, आभार यांत तास नीट जिरतो. मग बुवा उभे राहिले की त्यांच्या हाती ‘आटोपतं घ्या’ अशी चिठ्ठी द्यावी.

तिसरं कौतुक मांडणीचं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण, मध्ये नामाचा गजर आणि उत्तररंगात आख्यान असतं. गजरात श्रोत्याचा गळा मोकळा होतो, आख्यानात पोरं जागी राहतात. जाणता आयोजक हे दोन्ही वगळून निरूपण तेवढं ठेवतो. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, लोक उत्तरं देत. असली सवय तर मुळीच लावू नये.

चौथं भाषेचं. इथली पोरं शाळेत हिंदी, गल्लीत बनारसी आणि घरात मराठी बोलतात. त्यांच्यापुढे ‘अनिर्वचनीय’ ठेवावं आणि अर्थ सांगू नये. अर्थ कळला की पोर शंका काढतं, आणि शंकेला उत्तर द्यायचं तर वक्त्याला अभ्यास करावा लागतो.

एकनाथांनी हे शास्त्र पाळलं नाही. भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका त्यांनी 1573 मध्ये याच काशीत पुरी केली. मराठीत लिहिलं म्हणून पंडित रागावले आणि शेवटी त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. भारुडात नाथांनी विंचू, जोशी, वासुदेव आणले. म्हणून गावोगाव माणसं ऐकायला बसली.

एवढं करून सभा ओस पडली की ‘नवी पिढी नास्तिक’ असा ठराव करायचा. तो मात्र टिकत नाही. नवरात्रात दुसऱ्या दिवशी याच दुर्गाघाटावर ब्रह्मचारिणीच्या दर्शनाला रांग लागते. त्या रांगेला कोणी निमंत्रणपत्रिका धाडलेली नसते. भाव आटलेला नाही; आपण त्याला सभेत जागा ठेवलेली नाही, आणि हे माझ्या मनाला लागतं.

पुढच्या सभेत सत्कार गाळा, आख्यान ठेवा आणि शेवटचा पाव तास पोरांच्या शंकांना द्या. ज्याच्या शंकेला मान मिळाला, ते पोर पुढच्या वेळी मित्राला घेऊन येईल.