मँटसाहेबाचे आकडे

"काकी, लक्ष्मीविलास राजवाडा बघून आले हो! नणंद बडोद्याला असते ना. आणि तो बांधणारा साहेब म्हणे वेडा झाला!"

"अगं बाई! थांब, हा झाप बाजूला करते, कुंपणातून नीट दिसत नाहीस. हं, बोल. कोण वेडा झाला?"

"मेजर चार्ल्स मँट. होता पलटणीतला इंजिनिअर, पण नाव काढलं आपल्या मराठी राजांच्या दारी. आधी कोल्हापूर. तिथला टाऊन हॉल त्याचा, सीपीआर दवाखाना त्याचा, नवा राजवाडाही त्याचाच. 1877 ला काम सुरू केलं."

"तो काळ्या दगडाचा? अंबाबाईला गेलो तेव्हा पाहिलाय. मधे घड्याळाचा मनोरा, आत काचांवर शिवाजी महाराजांचे प्रसंग. तो सायबानं बांधला होय?"

"तर! नक्षी गुजरात-राजस्थानकडची, मनोरा विलायती."

"मिसळच म्हण की. कोल्हापूरच ते."

"आणि ऐका तर खरं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परत येताना इटलीत वारले, फ्लॉरेन्सला. 1870 साली. वय जेमतेम विशीचं."

"अरेरे! परमुलखात अग्नी तरी मिळाला का गं?"

"मिळाला. आर्नो नदीच्या संगमावर, रात्रीच्या वेळी. आता तिथे घुमटीची छत्री आहे नि खाली महाराजांचा अर्धपुतळा. नुसता पांढरा दगड नाही हो, फेट्याला, दागिन्यांना, चेहऱ्याला रंग दिलेत. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा, छत्री आपल्या मँटची. नदीवरच्या पुलालाही तिथले लोक त्या हिंदी राजावरूनच ओळखतात."

"म्हणजे इंग्रज माणसानं मराठी राजाची छत्री इटलीत बांधली. नशीब बघ एकेकाचं! पण मग वेड कशानं लागलं?"

"बडोद्यात. 1880 च्या सुमाराचं काम. सयाजीराव महाराज तेव्हा सतरा वर्षांचे, कवळाण्याहून दत्तक आणलेले. दगड सोनगडचा, आग्र्याचा, संगमरवर थेट इटलीचा. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या बारीक बारीक तुकड्यांची, पाय ठेवायला जीव होईना. एवढा पसारा, आणि साहेबाच्या मनानं घेतलं की आपले आकडे चुकले, हे सगळं एक दिवस खाली येणार. 1881 ला गेलाच तो."

"जीव दिला?"

"सांगतात तसंच. मला काही सगळं पटत नाही. राजवाडा मोठा असला की त्याला एखादी भानगड चिकटवतातच लोक."

"लोकांचं सोड. काम अर्धवटच राहिलं म्हण की."

"छे हो, मद्रासहून चिझम म्हणून दुसरा साहेब आणला. त्यानं 1890 ला पुरं केलं. अजून उभा आहे, ठणठणीत."

"आणि आमच्या मागच्या गल्लीतला तो काँट्रॅक्टर बघ! स्लॅब टाकून वर्ष नाही झालं, पहिल्याच पावसात त्या बाईनं घरभर टोपं मांडली. त्याला नाही गं वेड लागलं!"

"त्याचे आकडे कुठे चुकले, काकी? बिलाचे बरोबरच आले असणार."

"आलेच असतील. परवा नवी गाडी घेऊन मुर्ध्याकडून येताना पाहिला मी त्याला. शेजारी कोण बसलेलं, ते मात्र विचारू नकोस."

"अगं बाई! कोण? काकी, हळू सांगा, इकडे या जरा."