घरमालक

मराठी ख्रिस्ती घरांत एक पाटी हमखास सापडते. कुठे लाकडावर कोरलेली, कुठे मखमलीवर सोनेरी अक्षरांत. बहुतेक ठिकाणी ती लग्नात आहेर म्हणून आलेली असते आणि एकाच लग्नात तीन-चार आल्या की उरलेल्या पुढच्या लग्नांत मार्गी लागतात. पाटीचा आशय असा, की या घराचा मालक ख्रिस्त आहे, प्रत्येक जेवणाला तो न दिसणारा पाहुणा असतो आणि घरातलं प्रत्येक बोलणं तो मुकाट्याने ऐकत असतो.

आमच्याकडे ती जेवणाच्या टेबलाच्या वर लावली आहे. घरातली सगळी भांडणं तिथेच होत असल्याने जागा चुकली म्हणायची. भांडण रंगात आलं की आई फक्त "पाटी वाच जरा" म्हणायची. स्वतः भांडायची तेव्हा तिची पाठ नेमकी पाटीकडे असायची.

मला अडचण येते ती मालकीची. शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर, कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून, आणि मेंटेनन्स थकला की बोर्डावर झळकणारं नावही माझंच. मालक खरोखर दुसरा असेल तर मी भाडेकरू ठरतो. भाडेकरू असला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. म्हणून पाटीवरचा मजकूर सेक्रेटरींच्या कानावर अजून घातलेला नाही.

बरं, ज्याला आपण मालक ठरवलं, त्याच्या नावावर कुठे खोलीसुद्धा नव्हती. जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा मिळाली नाही. पुढे नासरेथचा सुतार म्हणून लोक त्याला ओळखत, पण मागे यायला निघालेल्या एका उत्साही माणसाला त्याने आधीच बजावलं, की आपल्याकडे डोकं टेकायलाही जागा नाही.

आणि शुभवर्तमान उघडावं तर हा सदा कुणाच्या तरी घरी! पेत्राकडे गेला, तर सासू तापाने फणफणलेली. तिला बरं केलं आणि ती उठून थेट पाहुण्यांच्या सरबराईला लागली. ("तिला एक दिवस तरी निजू द्यायचं होतं मेल्यांनी," असं आमची आजी दरवेळी म्हणे, आणि मला ते भाष्य कुठल्याही प्रवचनापेक्षा पटतं.) जक्कय जकातदाराला झाडावरून खाली बोलावलं आणि मी आज तुझ्याकडे उतरणार, असं परस्पर जाहीर केलं. गावाने नाकं मुरडली. जक्कय मात्र इतका हरखला, की अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन बसला.

पण माझा जीव अडकतो तो कफर्णहूमच्या घरात. गर्दीमुळे दारातून शिरता येईना, म्हणून चौघांनी पक्षाघात झालेल्या माणसाला छपरावर चढवलं, छप्पर उकरलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं. लूक तर कौलांतून म्हणतो. रोगी बरा झाला, बाज उचलून चालता झाला. आणि छप्पर? ते कुणी शाकारलं, खर्च कुणी सोसला, यावर मार्क आणि लूक दोघेही गप्प. आमच्या बाथरूममध्ये वरच्या मजल्यावरून पाणी झिरपतं, त्यावर आम्ही वकिली भाषेत पत्रं लिहितो. तो घरवाला त्या गर्दीत कुठेतरी उभा असेल. अंगावर माती पडत असताना त्याने वर पाहिलं असेल. त्या क्षणी त्याला ते घर कुणाचं वाटलं असेल, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

थोडाफार अंदाज लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वरून येतो. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी बाई नवऱ्याकडे परतल्या, तेव्हाही सोवळं सुटलेलं नव्हतं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळक कुणाला घेऊन येतील आणि घरातलं काय देऊन टाकतील याचा नेम नसे. बाई भरपूर कुरकुरतात. आलेल्याला त्यांनी दारातून परत पाठवल्याचं मात्र मला आठवत नाही. पंडिता रमाबाईंनी तर 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली गोळा करून आणल्या. केडगावला मुली आधी आल्या, इमारती मागून.

आमची मजल तिथवर जाणं शक्य नाही. सध्या पाळकसाहेबांच्या शब्दावरून संगमनेरकडचा एक नर्सिंगचा विद्यार्थी आमच्या हॉलमध्ये झोपतो. खोली मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. हल्ली तो खोली शोधत नाही आणि आम्हीही विचारत नाही. ही त्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधते आणि त्याच्या आईला फोन करून "पोरगं नीट जेवत नाही हो" अशी तक्रार करते. त्याला पंखा पाचावर लागतो, मला तिनावर. सध्या तो चारावर आहे आणि दोघांनाही झोप येत नाही.