रुपये एक फक्त

सोसायटीच्या खजिनदारकाकांचा हात पावत्या लिहून दुखायला लागला आणि मी बोलून बसलो, “काका, एक्सेलमध्ये फॉर्म करून देतो की!” चहा पिताना माणसाने आश्वासनं देऊ नयेत.

फॉर्म दिसायला झकास झाला. रक्कम टाइप होता होताच सजावी, म्हणून फॉरमॅटची ओळ मी टेक्स्टबॉक्सच्या ‘चेंज’मध्ये घातली. काका बाराशे भरायला बसले. १ दाबला, तर लगेच १.००! कर्सर टुणकन शेवटी. मग २ दाबला, तो दशांशाच्या तिसऱ्या घरात गेला आणि तिथेच कापला गेला. पुन्हा १.००. काकांनी कीबोर्ड बदलून पाहिला.

“अहो, तुमच्या यंत्राला एकच्या पुढे येत नाही वाटतं.”

ती ओळ उचलून ‘एक्झिट’मध्ये टाकली. आकडा पुरता लिहून झाला की मग नटवायचा. जेवताना कोणी पावडर लावतं का?

आता चौकटीत १२५,००० असं साहेबी दिसू लागलं. काकांना लाख लाखासारखा हवा. त्यासाठी चौकोनी कंसांत अटी घातलेलं फॉरमॅट असतं, पण मॅक्रोतलं ‘फॉरमॅट’ फंक्शन त्या अटींना भीक घालत नाही. शीटवरचं ‘टेक्स्ट’ फंक्शन मात्र तेच काम निमूट करतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ती फॉरमॅटची ओळ मी काढून टाकली होती आणि काका स्वतःच्या हाताने स्वल्पविराम देऊ लागले होते.

इथे घात झाला. चौकटीत जे काही लिहाल, ते मॅक्रोच्या लेखी आकडा नसतोच, नुसती अक्षरं असतात. त्यांचा आकडा करायला मी ‘व्हॅल’ वापरलं होतं. हे फंक्शन डावीकडून वाचत जातं आणि ओळखीचं नसलेलं पहिलं चिन्ह दिसलं की थांबतं. स्वल्पविरामाशी त्याची ओळख नाही. तळमजल्याच्या दुकानदारांनी लिफ्टनिधीचे १,२५,००० दिले. ‘व्हॅल’ने पहिला १ वाचला आणि दुकान बंद केलं. पावती छापून आली: रुपये एक फक्त.

आता ‘व्हॅल’च्या जागी ‘सीडबल’ आहे, त्याला स्वल्पविराम चालतात. आधी ‘इजन्यूमेरिक’ची चाळणीही लावलीय. पण थकबाकीची पत्रंही तोच मॅक्रो काढत असे. उरलेले १,२४,९९९ त्वरित भरावेत, असं पत्र दुकानदारांना जाऊन पोचलं होतं. दिलगिरीचं पत्र मी हाताने लिहिलं.