जागल्या

लोधीखेड्यात संत्र्याच्या बागेला जागल्या लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. घरातल्या इंटरनेटलाही तो लागतो, हे मला एका रविवारी कळलं आणि मी तडक माळ्यावर चढलो.

तिथे आमचा जुना पेंटियम फोर पापडाच्या पिंपामागे तोंड लपवून बसला होता. रॅमचे सोनेरी दात पोराच्या खोडरबरानं घासले, भंगारातलं दुसरं नेटवर्क कार्ड खोचलं. एका कार्डात बाहेरची तार, दुसऱ्यात घरची, मधे हा. बटण दाबताच पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. बोर्डावरचा सेल मेलेला, म्हणून पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००२. आमच्या पांढुर्ण्याचा जिल्हा व्हायला अजून एकवीस वर्षं होती.

डेबियन लिनक्सची बारावी आवृत्ती चढवली. तेरावीचा इन्स्टॉलर याच्यासारख्या ३२ बिटी यंत्रांसाठी निघतच नाही. म्हणजे याची तेरवी उरकलेलीच होती. फायबरची तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, म्हणून डबा तिथल्या फडताळात बसवला. मॉनिटर, कीबोर्ड पुन्हा माळ्यावर. पुढचं काम बैठकीतून, लॅपटॉपवर, साहेबासारखं.

फायरवॉलचा नियम सोपा: आधी सरसकट मनाई, मग एकेकाला नाव घेऊन परवानगी. मी मनाईची ओळ लिहिली, एंटर दाबला. परवानगीची ओळ लिहायला गेलो, तर पडदा थिजलेला. जागल्यानं पहिलं कोणाला अडवलं असेल, तर मालकाला! त्यात मी 'रिजेक्ट'ऐवजी 'ड्रॉप' लिहिलेलं. रिजेक्टवाला निदान 'चालता हो' म्हणतो. ड्रॉपवाला रुसलेल्या व्याह्यासारखा ऐकूच न आल्याचं सोंग करतो. शिडी लावून मॉनिटर पुन्हा खाली आणला. शिडी धरायला बायको होती. ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

मग रात्रभर चोरांची वाट पाहिली. एकही फिरकला नाही. सकाळी बाहेरच्या तारेचा पत्ता नीट वाचला, तर तो १००.६४च्या पट्ट्यातला. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं कोंबता यावीत म्हणून हा पट्टा २०१२ साली राखून ठेवलाय. बाहेरच्याला माझं दार ठोठावायचं म्हटलं तरी दिसणार नाही. म्हणजे फाटकावर जागल्या बसवला, पण फाटकापर्यंत रस्ताच नव्हता. सापडला तो घरचाच टीव्ही. सगळे झोपल्यावर रात्री दोनला तो कुठल्याकुठल्या सर्व्हरचे पत्ते विचारत बसलेला.

"वीज किती खातो हा?" बायकोनं विचारलं.

मी हिशेब केला. शंभर वॅट धरले तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२.

"अहो, जो चोर येतच नाही, त्याच्यासाठी ७२ युनिट?"

मी निमूटपणे डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हातात पातेलं घेऊन उभी. आत दुधाचं दूधच.

"काहून बंद केलं रे बापा ते? एवढ्या थंडीत त्याच्याच मागं इरजण ठेवत होती मी. आता दही कसं लागन?"

बायकोनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बटण दाबलं. गिरणी घरघरली. १ जानेवारी २००२.