घरातल्या होतकरू छायाचित्रकाराची निगा : कुटुंबीयांसाठी सूचना

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीव किंवा सूनबाई जाहीर करतात, ‘यंदा दर आठवड्याला एक विषय, एक फोटो. बावन्न आठवडे.’ घाबरून जाऊ नये. योग्य निगा राखल्यास कलावंत वर्षभर टिकतो.

पहिला महिना तो स्वतःच्याच उत्साहावर चालतो. तुम्ही फक्त पथ्य पाळायचं. ‘कॅमेरा केवढ्याला पडला?’ असं विचारायचं नाही. ‘आमच्या मोबाइलवर पण असाच येतो’ हे वाक्य डिसेंबरपर्यंत राखून ठेवावं आणि डिसेंबरातही उच्चारू नये.

फेब्रुवारीत विषय येतो ‘पक्षी’, आणि भिगवणला जायचं ठरतं. उजनीच्या फुगवट्यावर रोहित येतात हे खरं. पण कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पहाटे उठून, होडीत बसून काढलेल्या फोटोत पाणी, आभाळ आणि मधे काही गुलाबी ठिपके असतात. ‘पक्षी कुठायत?’ हा प्रश्न गिळावा. फोटो मोठा करून बघावा आणि ‘नावाड्याचे हात काय आलेत!’ म्हणावं. बहुधा ते खरंच चांगले आलेले असतात. कलावंताचं लक्ष जवळच्या गोष्टींकडे वळतं आणि महागड्या टेलिफोटो लेन्सचा विषय निदान दिवाळीपर्यंत टळतो.

कौतुक करताना ‘छान’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा वर्ज्य. त्याऐवजी विचारावं, ‘हा काढताना तू नेमका कुठे उभा होतास?’ उत्तर अर्धा तास चालेल. बसावं.

पुढे ‘खिडकी’ हा विषय येतो. ‘आपल्या खिडकीतून दिसतं काय? समोरच्या बिल्डिंगचे पाइप!’ अशी कुरकुर सुरू झाली की इतिहास काढावा. फ्रान्समध्ये निएप्सने १८२७ च्या सुमारास घराच्या खिडकीतूनच आजूबाजूची छपरं टिपली; कॅमेऱ्याने घेतलेला, आज टिकून असलेला सर्वांत जुना फोटो तोच. प्रागचा योसेफ सुदेक तर १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत होता. काचेवरचं दव, पाऊस, बाहेर एक वाकडं झाड. त्याच्याही समोर ताजमहाल नव्हता. (ताजमहालाचं नाव मात्र जपून घ्यावं; आग्र्याची तिकिटं काढायला लावतील.)

मग ‘व्यक्तिचित्र’. यात तुमची सुटका नाही. खिडकीशी खुर्ची, एका गालावर उजेड, दुसरा अंधारात, गॅसवर कुकर. शटर १/१५ वर असतं, कलावंताचा हात हलतो, चेहरा पुसट येतो आणि आरोप होतो, ‘आई, तू हललीस!’ हलले, असं कबूल करून पुन्हा बसावं. शिट्ट्या मोजायला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं.

जुलैत दोन-तीन आठवडे बुडतात. ‘काय झालं तुझ्या फोटोंचं?’ असं विचारलंत तर सगळंच बुडेल. न बोलता कांदाभजी तळावीत. वाफ फोटोत दिसायला उजेड मागून यावा लागतो, म्हणून ताट खिडकी आणि कॅमेरा यांच्या मधे ठेवावं. मागे काहीतरी गडद हवं, छत्री चालते. सगळी मांडामांड होईपर्यंत भजी गार होतात. खावीत. बुडालेले आठवडे ऑगस्टात भरून काढू द्यावेत. वर्षभराच्या उपक्रमाला हजेरीपट नसतो.

डिसेंबरात त्यातले दहा-बारा फोटो छापून आणा. खर्च तुम्ही करा, निवड त्याला करू द्या आणि तुमचा पुसट चेहरा त्यात निघाला तर हरकत घेऊ नका.

‘पुढच्या वर्षी रोज एक, ३६५!’ अशी घोषणा झाल्यास वरील सूचना लागू नाहीत. ज्याने त्याने आपापला बंदोबस्त करावा.